खालचा कोयंडा

नवशाच्या नावाचा टोप टेम्पोत दिसला, तेव्हा गोदूबाई नुकतीच रिक्षातून उतरली होती. लेकीच्या, मनालीच्या, बाळंतपणासाठी ती बारा दिवस पडघ्याला राहिली होती आणि बारसे उरकून त्या सकाळी गावी परतत होती. वेशीवरच्या अरुंद वळणावर समोरून ट्रक आल्यामुळे टेम्पोला थांबावे लागले, म्हणून तिला तो नीट पाहता आला. टोप जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा होता, दोघांनी मिळून उचलावा एवढा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे होती: 'कै. नवशा जोमा, खालची आळी.' नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला तिनेच तो गावाला दिला होता.

टोपाच्या मागे पराती होत्या, कढया होत्या, झाऱ्यांची मोळी होती.

"कुठं चाललीत ही भांडी?" तिने विचारले.

"पूर्ण्याला, काकी," टेम्पोवाला म्हणाला. "नव्या गोदामाची पूजा हाय ना आज. पाचशे मानसांचं जेवान."

"दिली कोनी?"

"तुळशीरामशेठनी. सकालीच भरून दिली."

ट्रक निघून गेला. टेम्पोही गेला. झारे एकमेकांवर आपटल्याचा आवाज पुढच्या वळणापर्यंत येत राहिला. गोदूबाईने कमरेला हात लावला. किल्ली जागेवर होती.

भिवंडीच्या आसपासच्या अनेक गावांप्रमाणे या गावातही लग्नकार्याची मोठी भांडी सामायिक होती. घरात माणूस वारले की त्याच्या नावाने एखादे भांडे गावाला द्यायचे, आणि हळदीला, दिवसकार्याला ज्याला लागतील त्याने ती न्यायची. देवळामागच्या खोलीत ती ठेवलेली असत. फार वर्षांपूर्वी त्या खोलीतून तांब्याचे दोन हंडे नाहीसे झाले होते. वरच्या आळीने खालच्या आळीवर आळ घेतला, खालच्या आळीने वरच्या, आणि गोष्ट काठ्या निघण्यापर्यंत गेली. तेव्हा जाणत्यांनी मार्ग काढला. दार एकच, पण त्याला कड्या दोन. वरच्या कडीला वरच्या आळीचे कुलूप, खालच्या कडीला खालच्या आळीचे. दोन्ही किल्लीवाले आल्याशिवाय दार उघडायचे नाही. त्यानंतर त्या खोलीतून एक चमचाही गेला नव्हता.

खालच्या आळीची किल्ली एकोणीस वर्षे नवशाकडे होती. तो गेल्यावर ती घ्यायला आळीतला एकही पुरुष तयार झाला नाही. कारण सरळ होते. कोणाचे कार्य पहाटे निघते, कोणाचे मयत भलत्या वेळी होते, आणि प्रत्येक वेळी उठून जावे लागते. गोदूबाईने ती घेतली. सहा वर्षांत तिने एकदाही कोणाला ताटकळत ठेवले नव्हते.

फक्त दिवाळीत ती गेली नव्हती. त्याआधी, शिमग्यात, गोदामाच्या कंत्राटदाराने कामगारांच्या जेवणासाठी म्हणून भांडी नेली होती. परत आली तेव्हा दोन टोपांचे बूड जळलेले होते आणि एका परातीत सिमेंट कालवलेले होते. दिवाळीत त्याने पुन्हा मागितली. तुळशीराम वरच्या आळीचा किल्लीवाला, शिवाय देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. तो स्वतः तिच्या ओटीवर आला. तेव्हा गोदूबाई त्याला म्हणाली होती, "गावाच्या कार्याची भांडी हायत ती. गोदामवाल्याला हॉटेल हायत." तुळशीराम हसून उठला होता. ते हसणे तिला आता आठवले.

पडघ्याला निघण्याच्या दिवशी एका घरची हळद होती. तिने आपले कुलूप उघडून कोयंड्यातच अडकवून ठेवले होते आणि तुळशीरामला सांगितले होते, भांडी परत आली की तुमचे लावा, माझे मी आल्यावर लावीन. म्हणजे तिच्या विश्वासाचा त्याने फायदा घेतला होता, असा तिने हिशेब केला. घरी न जाता, पिशवीसकट, ती देवळामागे गेली. आपले कुलूप लावायचे आणि मग बोलायचे, असे तिने ठरवले.

पण कुलूप लावायला जागाच नव्हती.

खालचा कोयंडा कापलेला होता. लाकडी चौकटीत त्याची दोन टोके तेवढी उरली होती, कानशीने घासून चौकटीबरोबर केलेली. दोन्ही कड्यांचे कान एका उभ्या लोखंडी पट्टीने जोडलेले होते. वर एक सैल रिबीट, खाली एक सैल रिबीट. तिने पट्टी हलवून पाहिली. वरच्या कडीचा कान तुळशीरामच्या कुलपाने जखडलेला होता, त्यामुळे पट्टी उचलत नव्हती, आणि पट्टी उचलत नव्हती म्हणून खालची कडीही सरकत नव्हती. एका कुलपाने दोन्ही कड्या धरून ठेवल्या होत्या. ते कुलूप उघडले की दोन्ही एकदम सुटणार.

तिने पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड कुठेही बोचत नव्हती. चारही कोपरे गोल केलेले होते. लोखंडाचे कोपरे असे गोल करणारा माणूस तिला ठाऊक होता. तो तिच्याच घरात वाढला होता.

घराच्या ओटीवर शेजारीण हौसा वाट पाहत होती. गोदूबाईच्या घराची चावी तिच्याकडे असायची.

"आलीस? काय झाला? पोरगा ना? गोरा हाय का काला?"

"हौसा, माझा कुलूप कुठं हाय?"

"आत ठेवलाय बाई. तुळशीरामशेठनी पाठवला, पेढ्यांच्या बॉक्साबरूबर." हौसा आनंदाने सांगू लागली. "बोल्ले, वयनींनी लय वर्स केला, आता आराम करावा. सुटलीस ग तू. गुडघ्यांनी कवरं चालायचा?"

"मी बोलले होते काय कोनाला, मना सोडवा म्हनून?"

हौसा हळूच म्हणाली, "गावाच्या मिटिंगीत तर तसाच सांगितला. तूच निरोप धाडलास म्हनून. आपल्या आलीतले समदे बाप्ये होते. दौलतदादा पन हो बोल्ला."

गोदूबाईने पेढ्यांचे खोके उचलले आणि हौसाच्या हातात दिले. "कुत्र्यांना घाल," ती म्हणाली. कुलूप पिशवीत टाकले, तांब्याभर पाणी प्यायली आणि पुन्हा रस्त्याला लागली. तिचे गुडघे खरोखरच दुखत होते, आणि त्या दिवशी त्याचाही तिला राग आला. जणू तेही तुळशीरामच्या बाजूने मिटिंगीत हजर होते.

धनेशचे दुकान भिवंडीत, यंत्रमागांच्या एका गल्लीच्या तोंडाशी होते. धनेश तिच्या दिराचा मुलगा. आई लवकर गेल्यामुळे तो काकीच्या हाताखाली वाढला. आधी दहा वर्षे तो लूमवर मिस्त्री होता. मग शटर, ग्रिल आणि दरवाजे बनवण्याचे स्वतःचे काम त्याने सुरू केले. ती पोचली तेव्हा लाईट गेलेली होती. एरवी कान बधिर करणारी गल्ली गप्प होती, आणि धनेश दारात बसून एका शेठच्या माणसाला समजावत होता, "चार बजे लाईट आएगी, तब वेल्डिंग होगी ना भाई. मैं क्या मुँह से जोडूँ?"

काकीला पाहताच तो उठला. "काकी! सरळ इकडंच? बस, बस. पट्टी बघितलीस का?"

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका स्वच्छ होता, की गोदूबाईने आधी पिशवी खाली ठेवली. तेवढा वेळ धनेशला पुरला. त्याने स्टूल पुढे ओढले आणि हातवारे करत सांगू लागला.

"साधी वाटते, पण तीन वेळा बिघडली. आधी मी नुसती पट्टी दोन्ही कानांना वेल्ड करणार होतो. पण कडीचा कान आधी वर उचलायचा असतो, मग दांडी सरकवायची. पक्की जोडली तर कान उचलणारच नाय. मग सायकलच्या ब्रेकची वायर लावून बघितली. ती ओढायला चालते, ढकलायला नाय चालत. मग मला लूम आठवला. तिथं एक दांडा दुसऱ्याला हलवतो ना, तो जोड कधीच घट्ट नसतो. मग रिबिटी सैल ठेवल्या. आणि दोन्ही कड्या एका रेषेत नव्हत्या, अर्ध्या बोटाचा फरक होता, म्हणून खालचं भोक लांबट केलं. आता एका हाताने दोन्ही उचलतात, दोन्ही सरकतात. तुला वाकायलाच नको."

"मी वाकू नये म्हनून केलीस?"

"मग? तुळशीरामकाका बोलले, काकीचे गुडघे गेलेत, खालच्या कडीला वाकवत नाय, तिनेच सांगितलंय काहीतरी कर. मी बोललो, ती येईस्तोवर तयार ठेवतो."

"फोन हाय ना तुझ्याकडं?"

"हाय."

"मनालीच्या घरी फोन हाय?"

धनेशने मान डोलावली.

"बारा दिवसांत एक फोन, धनेश. 'काकी, तू असा बोललीस का?' एवढाच विचारायचा होता. त्या दरवाजाला तू तीन वेळा विचारलास. मना विचारला न्हायस."

"काकी, मला वाटलं तुला..."

"आनि कोयंडा कशाला कापलास?"

तिने ते मोठ्याने विचारले नव्हते, तरी शेठचा माणूस दोन पावले मागे सरकला.

"तुझी पट्टी एका कुलपाने चालते. चांगला हाय. हुशारी हाय तुझी. पन खालचा कोयंडा तिथंच राहिला असता, तर पट्टीला काय बिघडला असता?"

धनेशने मनातल्या मनात ते दार उघडले, बंद केले. त्याला दिसले. "काहीच नाय," तो म्हणाला.

"मंग?"

"तुळशीरामकाका बोलले, तो काढून टाक. नायतर कोणी चुकून दुसरं कुलूप लावेल, आणि ऐन हळदीला दार अडेल."

"कोनी म्हंजे कोन? गावात दुसरा कुलूप कोनाकडं हाय?"

समोरच्या लूमच्या दारात बसलेले कामगार विड्या ओढत होते. गोदूबाई बोलत राहिली.

"आज सकाली समदी भांडी पूर्ण्याला गेली. गोदामाच्या पूजेला. तुझ्या काकाचा टोप मी टेम्पोत बघितला. दिवालीत मी 'न्हाय' बोलले होते. माझा तो 'न्हाय' तिथं त्या कोयंड्यात होता, धनेश. तो तू हॅकसॉनं कापलास, वर कानस मारून गुलगुलीत केलास. कोनाच्या हाताला लागू नये म्हनून."

धनेश खाली बसला. मग तो उठून आत गेला, भिंतीला टेकवलेल्या सळ्या चाळू लागला आणि एक जाड सळई घेऊन बाहेर आला. "मी ती पट्टी काढतो. आत्ता येतो आणि काढतो."

"पट्टीला हात लावू नको. ती तुझी अक्कल हाय, राहू दे. कोयंडा बसव. तो माझा हाय."

वीज नसल्यामुळे सगळे हातानेच करावे लागले. त्याने सळई शेगडीत लाल केली, ऐरणीवर वाकवली, आणि दोन्ही टोकांना छिन्नीने उलटे काटे पाडले, म्हणजे एकदा लाकडात गेलेला कोयंडा ओढून निघू नये. शेठचा माणूस म्हणाला, "अरे धनेशभाई, मेरा शटर?" धनेश ओरडला, "बोला ना, चार बजे!" इतक्या जोरात, की तो माणूस निमूटपणे निघून गेला. गोदूबाई स्टुलावर बसून होती. मध्ये धनेशने चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

गावात पोचेपर्यंत उन्हे कलली होती. चौकटीचे लाकूड जुने सागवान होते. धनेश भोके पाडायला गिरमिट फिरवू लागला तेव्हा त्याचा कुरकुराट देवळापुढच्या पारापर्यंत गेला. पारावरची माणसे एकेक करून मागे आली. सर्वांत पुढे दौलत होता, खालच्या आळीतला सर्वांत वयस्क पुरुष.

"हे काय चाललाय?" त्याने विचारले.

"जे होता ते परत बसवतोय," धनेश मान वर न करता म्हणाला.

"मिटिंगीत ठरला होता, गोदू. समद्यांनी मिलून ठरवला."

"मी होते का मिटिंगीत?"

"तू पडघ्याला होतीस."

"मंग माझा निरोप कोनी आनला? दौलतदादा, तुमी माझ्या तोंडून ऐकलात?"

दौलतने टोपी काढून डोके खाजवले. "अग, तुझ्या भल्यासाठीच हो बोललो. बाईमानूस, एकटी, उठून यायचा..."

"सहा वर्सांपूर्वी मी एकटी न्हवते काय? तवा गुडघे तुमच्याकडं होते, किल्ली का न्हाय घेतलीत?" ती आता सर्वांकडे पाहत होती. "रात्रीबेरात्री उठायचा होता, तवा किल्ली बाईच्या कंबरंला शोभत होती. एकदा न्हाय बोलले, तर बाईला आराम पायजे! मी किल्ली सांभालली तवर मी चांगली. वापरली तवा माझे गुडघे दुखायला लागले."

मागून एक जण पुटपुटला, "एक कुलूप काय नि दोन काय, दार तर बंदच हाय ना." दोघे-तिघे हसले. धनेशने गिरमिट काढले, कोयंड्याची टोके भोकांत ठेवली आणि हातोडा उचलला. पहिल्या घावानंतर हसणे थांबले. चार-पाच घावांत कोयंडा बसला. त्याने तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, मग बाजूला सरकला. गोदूबाई वाकली. गुडघे कडाडले, ते सर्वांना ऐकू गेले. तिने आपले कुलूप खालच्या कोयंड्यात घातले आणि दाबले.

दिवेलागणीला टेम्पो परत आला. त्याच्यामागे मोटारसायकलवर तुळशीराम, आणि त्याच्या मागच्या सीटवर त्याचा मुलगा भाविक. तुळशीरामच्या कपाळावर पूजेचे गंध होते. त्याने दार पाहिले, कुलूप पाहिले, धनेशच्या हातातला हातोडा पाहिला, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाला:

"वयनी, आल्या का? नातू कसा हाय?"

"बरा हाय."

"दमून आल्या असाल. उघडा, भांडी आत टाकतो नि मंग बोलू."

"आधी खाली उतरवा. बघते."

"काय बघायचाय त्यात?"

"दर वेलेला काय बघतो आपन दोघं, ते."

भांडी उतरली. एकाने देवळातली बत्ती आणून धरली. कढयांना तेलाचा थर होता, पराती एकमेकींना चिकटल्या होत्या. नवशाच्या टोपात रश्श्याचा करपलेला तळ बोटभर जाडीचा होता. आणखी एक टोप वळवला, तेव्हा काठाखाली 'बायजाबाई, वरची आळी' अशी अक्षरे दिसली. ती वरच्या आळीतल्या, आता पारावरून आलेल्या दोघा भावांची आजी. त्या टोपाच्या काठाला ट्रॅक्टरच्या चाकाखाली जावा तसा पोचा आला होता. दोघा भावांतला धाकटा खाली वाकला आणि पोच्यावर हात फिरवत म्हणाला, "तुळशीरामकाका, हे काय?"

"होतो दुरुस्त. ठोकून घेऊ."

"पन तुमी तर भांडी गावाच्या कार्याला जातायत बोल्लात."

"गावाचाच काम होता ते!" तुळशीरामचा आवाज पहिल्यांदा चढला. "वीस पोरा गावातली बसून हायत. त्या गोदामात बारा जनांना लावनार, असा शेठ माझ्याशी बोललाय. माझा भाविक, तुझा भाऊ, ह्या दौलतचा नातू. त्याला पूजेला दोन टोप दिले, तर काय आभाल पडला? लोकांना पोटाला पायजे. आनि ह्या बाईला टोपाची पडलीय."

ते खोटे नव्हते. गोदूबाईला ते ठाऊक होते. शेती गेली होती, आणि जमलेल्यांपैकी अर्ध्या घरांत तरुण मुलगे रिकामे बसलेले होते. दौलतने मान खाली घातली.

"मंग तसा सांगायचा होता," ती म्हणाली. "मिटिंगीत उभा राहून बोलायचा, शेठला खूश करायचाय, भांडी द्या. समद्यांनी हो म्हनला असता तर मीच आले असते पहाटंला कुलूप उघडायला. शिव्या घालत आले असते, पन आले असते. तुमी मना विचारला न्हाय. तुमी माझ्या नावानं खोटा बोललात. माझ्या पोरासारख्या पुतन्याला फसवलात, त्याच्या हातानं माझा कोयंडा कापलात, नि वर पेढे धाडलात."

"धनेश," तुळशीराम तिच्याकडे न पाहता म्हणाला, "गोदामाची अकरा शटर तुझ्याकडं येनार होती, हे ध्यानात हाय ना?"

"हाय."

"मंग तो कोयंडा काढ."

धनेशने हातोडा दुसऱ्या हातात घेतला. त्याचा चेहरा उतरलेला होता. अकरा शटर म्हणजे त्याच्यासाठी वर्षाचे काम. "उलटे काटे पाडलेत, काका," तो म्हणाला. "काढायचा तर चौकट फोडावी लागेल. मी नाय फोडणार. दुसरा मिस्त्री बघा. शटरसाठीपण."

तुळशीराम त्या दाराकडे गेला, त्याने आपले कुलूप उघडले आणि पट्टी जोरात वर खेचली. पट्टी हलली नाही. खालच्या कुलपाने तिला धरून ठेवले होते, आणि तिच्यामार्फत वरची कडीही. त्याने पुन्हा खेचली. जमलेल्या माणसांसमोर त्याचा श्वास फुलला.

"उघडा," तो म्हणाला.

"भांडी घासून आना. मंग उघडते."

"ठीक. घरी नेतो. बायका घासतील रातच्याला."

"बायका न्हाय." गोदूबाई दाराच्या पायरीवर बसली. "बायकांनी नेली न्हायत. त्यांना तुमी मिटिंगीतपन बोलवला न्हाय. ज्यांनी नेली ते घासतील. इथं नल हाय. राख हौसा देईल."

मागून कोणीतरी "अरे वा" म्हटले. कौतुकाने की उपहासाने, ते कळले नाही. हौसा मात्र खरोखरच घराकडे पळाली. भाविक इतका वेळ मोटारसायकलपाशी उभा होता. त्याने बापाकडे पाहिले, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि बायजाबाईचा टोप नळाखाली ओढला. टेम्पोवाल्याने शिवी हासडली आणि झारे घेतले. थोड्या वेळाने धाकटा भाऊही बसला, आजीचा टोप भाविकच्या हातून घेऊन. नवशाचा टोप तसाच राहिला. त्याला कोणी हात लावत नव्हते.

तुळशीराम बसला नाही, उभाच राहिला. मग म्हणाला, "उद्या मिटिंग लावतो मी. ह्याचा निकाल समद्यांसमोर लागंल."

"लावा."

"तुमच्या आलीतून दौलतदादा बोलतील."

"दौलतदादांनी दौलतदादांचा बोलावा," ती म्हणाली. "माझा मी बोलेन. नि मी येनार हाय की न्हाय, ते मना विचारा. आता विचारा, इथं, ह्या समद्यांसमोर."

राखेने घासल्याचा खरखराट चालू होता. बत्ती धरलेल्या माणसाने हात बदलला. सगळे तुळशीरामच्या तोंडाकडे पाहत होते, आणि तुळशीराम नळाकडे.

"वयनी," तो शेवटी म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याला दातांतून काढावे लागले, "उद्या मिटिंगीला येनार का?"

"येनार," गोदूबाई म्हणाली. "आता तो मोठा टोप घासायला घ्या. तो तुमचा हाय."